तेल न घातलेलं चाक

ती तेलाची बाटली आधी पिशवीत ठेवा, ताई. रागावले नाही मी, पण ठेवा.

तुम्ही वर हात लावून बघितलंत. चाक कोरडं ठणठणीत, आसापाशी लाकडाला भेगा, तेव्हा तुम्हाला वाटलं दोन थेंब सोडावेत. तुमच्या जागी कुणालाही वाटलं असतं. चांगल्या मनानंच म्हणालात, ते काय मला कळत नाही? पण आमच्या करंडवाडीत शहाण्या माणसाचं सोडा, झिंगलेला माणूससुद्धा तेलाचा हात घेऊन या विहिरीकडं फिरकत नाही. बायांनी डोक्याला तेल लावलेलं असेल तर न्हाल्याशिवाय त्या पानमळ्यात पाऊल टाकत नाहीत. नव्या सुनेला घरातली चूल दाखवायच्या आधी आम्ही हे सांगतो.

बसा सगळे इथं, थारोळ्याच्या काठावर. पूर्वी मोटेचं पाणी या दगडी हौदात पडायचं आणि इथून पाटानं मळ्यात जायचं. आता ठाक कोरडं आहे. पाण्याला मोटार आहे की, तो काय तिकडं पाइप. पण रोज सकाळी आणि परत उन्हं उतरताना आमचा मोटकरी बाबगोंडा बैल जुंपतो, या उतरत्या वाटेनं, आम्ही हिला धाव म्हणतो, खाली हाकतो आणि रिकामी मोट वरखाली करतो. मोटेच्या चामड्याला भोकं पडलीत, पाण्याचा टिपूस वर येत नाही. चाक तेवढं फिरायला पाहिजे. येईलच तो आता, गोठ्यात वैरण घालतोय. तोवर सांगते.

मला मल्लव्वा म्हणतात. पानं खुडता खुडता केस पांढरे झाले. अंगठ्याला लोखंडी नखी चढवायची आणि देठासकट पान उतरवायचं, एवढंच काम जन्मभर केलं. पण वेल मी ओळखते. जरा मान वर करा आणि ते शेंडे बघा. पानवेल या शेवरीच्या झाडांवर चढवलेली असते. ती उजेडाकडं जायला पाहिजे, म्हणजे वर. आमची वेल वर जाते आणि मग मान मोडल्यागत विहिरीकडं वळते. मळ्याच्या चारी अंगांना तसंच. उगवतीकडची मावळतीकडं तोंड करते, मावळतीकडची उगवतीकडं. चाक ज्या दगडांवर बसवलंय ना, त्या मोटवणीजवळची पानं बघा, तळहाताएवढी, काळीभोर. बांधाकडं जाल तशी ती लहान होत जातात.

शेतकीच्या कॉलेजातली माणसं आली होती मागं. भली माणसं. त्यांनी मोटवणीला यंत्र लावलं, शेवरीच्या बुंध्याला लावलं. म्हणाली, चाक ओरडलं की हादरा दगडातनं जमिनीत आणि जमिनीतनं मुळांत उतरतो, त्यानं वेल जोम धरत असेल. असेल बाबा. खोटं कशाला म्हणू? चाक फिरताना शेवरीवर हात ठेवला की मलाही आत काहीतरी थरथरल्याचं कळतं. पण हादरा कुणाचा, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुम्ही तेल काढलंत, म्हणून सांगावं लागतंय.

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, माझ्या आजेसासूलाही ती ऐकीवच होती. त्या वेळी हा सगळा माळ होता म्हणे, नुसती हरळी आणि दगड. कलगोंडा नावाच्या माणसानं तो पानमळ्यासाठी घेतला. बायकोचं नाव गंगव्वा. दोघांनी मिळून विहीर खणली, पाणी गोड लागलं. शेवरी लावली, लांबच्या गावाहून वेल आणून लावली. आणि वेल काही धरेना. पाणी होतं, खत होतं, सावली होती, पण वेल आपली जमिनीवर लोळायची. लोक म्हणाले, कलगोंडाला खूळ लागलंय, या माळावर पान व्हायचं नाही.

त्यांचा मोटकरी होता येसबा. उतारवयाचा, हाताचा कसबी आणि तोंडाचा फटकळ. जुनं चाक मोडलं तेव्हा त्यानं बांधावरची बाभळ तोडली आणि ती सुकायची वाटही न बघता ओल्या लाकडाचं चाक घडवलं. लाकूड उन्हानं आवळलं, आसाला घासायला लागलं आणि पहिल्या दिवसापासून जे ओरडायला लागलं, विचारू नका! वाटसरू बांधावर थांबून विचारायचे, काय हो, मळ्यात जनावर अडकलंय का? गंगव्वा तेव्हा पोटुशी होती. तिला तो आवाज सोसवेना. ती म्हणाली, "मामा, तेल घाला की त्याला." येसबा म्हणाला, "नवं हाय, रडंल चार दिस आन् गप बसंल."

ते गप बसलं नाही. पण त्या आवाजात वेलीनं शेवरी धरली.

असं सांगतात की चाक ओरडायला लागलं की वारा नसतानाही शेंडे हलायचे. दिवस मावळेपर्यंत वेल वर सरकलेली डोळ्यांना दिसायची. अमावास्येला बैलांना सुट्टी, मोट बंद, तर त्या दिवशी मळ्यात एक नवं पान फुटायचं नाही. पहिला तोडा निघाला तेव्हा पानं एवढी आली की खुडायला गावातल्या बायका बोलवाव्या लागल्या. मग कुणी करंड्या विणायला लागलं, कुणी लव्हाळ्यानं वेली बांधायला, कुणी पान बाजाराला न्यायला. अख्खं गाव मळ्याच्या जिवावर जेवायला लागलं. त्या करंड्यांवरनंच आमच्या गावाचं नाव पडलंय. आणि त्याच हंगामात गंगव्वाला मुलगी झाली. नाव चन्नव्वा, पण सगळे चन्नी म्हणायचे.

चन्नीची झोळी इथंच बांधलेली असायची, मोटवणीजवळच्या दोन शेवरींना. आई मळ्यात राबत असायची आणि पोर चाकाखाली निजलेली. आईची अंगाई ऐकली नसेल तेवढं तिनं चाक ऐकलं. ते सुरू झालं की झोपायची, थांबलं की उठून रडायची. येसबाचा तिच्यावर भारी जीव. बैल धावेवरनं उतरताना मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोटेच्या दोरावर, बसतो ना, तसा तो बसायचा आणि पोरीला पुढ्यात धरायचा. ती खिदळायची ते बांधापर्यंत ऐकू यायचं म्हणे.

पोर चालायला बोलायला लागली, आणि एका उन्हाळ्यात तिला ताप भरला. अंगारे झाले, वैदू झाले, ताप काही उतरेना. आणि त्या तापात तिला चाकाची भीती बसली. ज्या आवाजात ती झोपायची तोच आवाज आला की ताडकन उठून बसायची आणि आईच्या पदरात तोंड खुपसायची. आमच्याकडं आईला अव्वा म्हणतात. ती म्हणायची, "अव्वा, ती मला बोलावतीया." गंगव्वा विचारायची, "कोण गं?" पोर चाकाकडं बोट दाखवायची आणि हमसून हमसून रडायची.

गंगव्वानं नवऱ्याला सांगितलं, मोट थांबवा. कलगोंडा म्हणाला, उन्हाळा आहे, पाणी तुटलं तर मळा जळेल. मग तेल तरी घाला म्हणाली. त्यावर तो भडकला. "त्या आवाजावर वेल हाय. तेल घातलंस तर तू माझी न्हवंस आन् मी तुझा न्हवं." तो वाईट नव्हता हो. लोक त्याला राक्षस करून सांगतात, मी नाही सांगणार. पोरीच्या उशाशी बसून तळपायाला कांदा चोळायचा, डोळ्यातनं पाणी काढायचा. पण त्याला पोरगीही पाहिजे होती आणि मळाही पाहिजे होता, आणि चाक काही तो थांबवत नव्हता.

शेवटी एका भर दुपारी, सगळे भाकरी खायला गेलेले असताना, गंगव्वानं दिव्याचं एरंडेल घेतलं, मोटवणीवर चढली आणि आसाच्या दोन्ही अंगांनी ओतलं. चार थेंब नव्हे, सगळी वाटी. वाळलेल्या बाभळीनं ते पिऊन टाकलं म्हणे, एक ओघळ खाली आला नाही. मग ती उतरली आणि पोरीजवळ जाऊन बसली.

येसबा आला, बैल जुंपले, धावेवर हाकले. चाक फिरलं आणि आवाज नाही. येसबानं मान वर करून बघितलं, त्याला सगळं कळलं आणि त्यानं बैल तसेच पुढं हाकले. त्या दुपारी चन्नी झोपली ती दिवेलागणीला उठली आणि म्हणाली, "अव्वा, भूक लागली." अंग गार होतं. गंगव्वाचा जीव भांड्यात पडला. लेकीला कवटाळून ती हसली आणि त्याच दमात रडली.

वेलींना कळायला वेळ लागला नाही. आधी शेंडे थांबले. मग पानं गळायला लागली, पिवळी पडून नव्हे, हिरवीगारच्या हिरवीगार. आणि मग वेलींनी शेवरी सोडली. पानवेलीच्या पेरापेराला बारीक मुळ्या असतात, त्यांनी ती झाडाला धरून असते. ओढून काढली तर झाडाची साल निघते, एवढी घट्ट. त्या मुळ्या आपणहून सुटल्या. बाया सकाळी मळ्यात आल्या तर वेली खाली पडलेल्या, सोडून टाकलेल्या दोरखंडासारख्या. त्यांनी परत बांधल्या. लव्हाळा तसाच राहिला आणि वेली त्यातनं निसटून खाली आल्या.

कलगोंडानं बायकोवर हात उगारला नाही की शिवी दिली नाही. तो वर चढला आणि चाक पुसायला लागला. राखेनं घासलं, चुन्यानं घासलं, कढत पाणी ओतलं, उन्हात टाकलं. बाभळीच्या अंगात मुरलेलं तेल निघेना. मग नवं चाक घडवलं, ओल्या बाभळीचंच. तेही ओरडलं, पण वेलींनी त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. ढोल वाजवून झाले, शिंग फुंकून झालं, देवळातली घंटा आणून शेवरीला टांगली. वेली पडून. शेवटी हताश होऊन त्यानं जुनंच चाक परत बसवलं. ते मुकंच. गावची माणसं रोज येऊन बांधावर बसायची आणि गंगव्वाकडं नुसती बघायची. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं, असं ती पुढं म्हणायची म्हणे.

अशात एक दिवस चन्नी इथंच खेळत होती. तुम्ही बसलात ना ताई, त्याच दगडावर. खेळता खेळता तिनं गळ्यातनं आवाज काढला. कुईऽऽ. हुबेहूब चाक. झोळीत असल्यापासून ऐकलेला आवाज, तो तिच्या गळ्यात बसला होता. आणि तिच्या पायाशी पडलेल्या वेलीनं शेंडा उचलला.

ते बघितलं कलगोंडानं.

पुढचं सांगायला मला आवडत नाही. पण आता सुरू केलंय.

पहिल्यांदा तो खेळच होता. बाप पोरीला खांद्यावर घेऊन मळाभर हिंडवायचा, ती कुई करायची, वेली उठायच्या आणि पोर टाळ्या पिटायची. तिला केवढी मौज! आपण बोललं की झाड हलतं, कुठल्या लेकराला आवडणार नाही? गंगव्वालाही आधी हायसं वाटलं. आपल्या हातनं गेलेलं लेकीनं परत आणलं, असं तिला वाटलं. मग खांद्यावरनं उतरून पोर धावेवर उभी राहिली. बैल खाली जाताना एक हाळी, वर येताना एक हाळी, सकाळपासनं उन्हं कलेपर्यंत. कलगोंडा तिच्या डोक्यावर घोंगडं धरून उभा असायचा. गूळ द्यायचा, दूध द्यायचा. देवापुढं त्यानं शब्द दिला होता, एवढा तोडा निघू दे, वेलींना मुळ्या धरू दे, मग पोरीला काडी उचलू देणार नाही. तोडा निघाला. मग तो म्हणाला, आणखी एक निघू दे.

येसबानं बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं. "लेकराला बैलाम्होरं हुबं करायचं आसंल तर मोट तू हाक, कलगोंडा. मला न्हाई बघवत." एवढं बोलून तो चालता झाला, गावच सोडलं त्यानं. एकटा तेवढा बोलला. बाकी आमचं गाव मूग गिळून बसलं. आमचंच हो, माझ्या सासऱ्याचे वाडवडील, या बाबगोंडाचे वाडवडील, सगळे. सगळ्यांच्या चुली परत पेटल्या होत्या ना! पोर जराशी वाळलीय, एवढं एकमेकांत बोलायचे आणि करंड्या भरायला लागायचे. आजही हे सांगताना मला शरम वाटते.

पोर खरंच वाळत चालली होती. ओठ फुटले, हातापायाला भेगा पडल्या. आई डोकं विंचरायला बसली आणि तेलाची वाटी पुढं ओढली की किंचाळून लांब पळायची. कधी न केलेलं असं करायला लागली. उठताबसता तिचे सांधे वाजायचे म्हणे, एवढ्याशा लेकराचे. घरी आली तरी तोंड मळ्याकडंच. आणि बोलेनाशी झाली. पाणी पाहिजे तर घागरीकडं बोट दाखवायची, निजायचं असेल तर आईचा पदर ओढायची. एक दिवस दारात ठेच लागून पडली, गुडघा फुटला, आणि आईला हाक मारायला तिनं तोंड उघडलं. "अव्वा" निघालंच नाही. कुईऽऽ निघालं. पोर स्वतःच दचकली. परत तोंड उघडलं, परत तेच. ती घाबरून आईच्या तोंडाकडं बघायला लागली.

गंगव्वानं तिला उराशी धरलं. "तुझी हाक मी वळखते गं," म्हणाली. "कशीबी मार. मी आले म्हणूनच समज."

त्याच घडीला तिनं ठरवलं, पोरीला घेऊन माहेर गाठायचं. कलगोंडाला सांगून उपयोग नव्हता, त्यानं जाऊ दिलं नसतं. माहेरची वाट या मळ्यावरनंच जाते. पोर रोज सकाळी मळ्यात जातेच, एकटी गेली तर कुणाला संशय यायचा नाही. म्हणून गंगव्वानं दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू व्हायला तिला पुढं धाडलं. थारोळ्यावर बस, मी गाठोडं बांधून आलेच, असं सांगितलं.

पोर येऊन बसली. आई घरात भाकरी बांधत होती, तेवढ्यात मळ्यातनं हाक आली. गंगव्वानं ती ओळखली. ही वेलींसाठीची नव्हे, ही आपल्यासाठीची, हे तिला पक्कं कळलं. पण नवरा ओसरीवर झोपलेला. ओ द्यावी तर तो उठणार, गाठोडं बघणार, सगळंच मुसळ केरात जाणार. ती गप्प राहिली. दुसऱ्यांदा हाक आली. तिनं भराभर हात चालवला. तिसरी आली ती मध्येच तुटली. आणि मग एक लांब, एकसारखा आवाज सुरू झाला. तो थांबेचना. एवढा दम लेकराच्या छातीत नसतो, हे गंगव्वाला ठाऊक होतं.

ती गाठोडं टाकून धावली. बैल गोठ्यात होते. मोट काठावर पडलेली होती. धावेवर कुणी नाही, थारोळ्यावर कुणी नाही. वर चाक फिरत होतं, आपलं आपण, आणि ओरडत होतं. मळ्यातल्या झाडून साऱ्या वेली शेवरीवरनं विहिरीकडं वाकल्या होत्या. सगळ्यांत जवळची वेल मोटवणीच्या दगडावर चढून आसापर्यंत पोचली होती आणि तिनं आसाच्या टोकाला एक वेढा घातला होता.

विहिरीत गळ टाकले. पाणी उपसून तळ बघितला, नुसता चिखल आणि खापऱ्या. रान पालथं घातलं. चन्नीच्या अंगावरची चिंधीसुद्धा सापडली नाही.

कलगोंडा कुऱ्हाड घेऊन चाक तोडायला वर चढला. तेव्हा गंगव्वा खाली उभी राहून म्हणाली, "उतरा खाली. माझी पोर हाय ती." तो उतरला. असं सांगतात की त्यानंतर त्याला कशाचंच ऐकू आलं नाही. माणसांचं बोलणं नाही, बैलांच्या गळ्यातली घुंगरं नाहीत, ढगाचा गडगडाट नाही. चाक तेवढं ऐकू यायचं. गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिला तरी ऐकू यायचं. मरेपर्यंत.

आणि जिनं आपल्या हातानं तेल ओतलं होतं, त्या गंगव्वानं गावाला या थारोळ्याभोवती उभं केलं आणि शपथ घातली. "ह्या चाकाला पुन्यांदा तेल लावाल तर माझ्या लेकराच्या तोंडावर हात ठेवाल." सगळ्यांनी माना खाली घातल्या. आधी बोलले नव्हते, आता काय बोलणार? पुढं मोट तीच हाकायची. बैल जुंपले की चाकाचा पहिला आवाज तुटका यायचा, हाक मारल्यासारखा. ती असेल तिथनं मोठ्यानं ओ द्यायची, "आले गं, चन्ने, आले!" मग चाक सरळ लागायचं आणि एका सुरात बोलत राहायचं. लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलंय.

ती वारली तेव्हा लोकांना कळलं. दुसऱ्या दिवशी बैल जुंपले, चाकानं हाक मारली. कुणी ओ दिली नाही. परत मारली. ते तुटक तुटक ओरडतच राहिलं. बैल सोडले तरी थांबेना. इकडं वेलींच्या मुळ्या एकेक करून सुटायला लागल्या. गडी माणसं दारं लावून घरात बसली. त्या वेळी एक नवी नवरी खालच्या पाटावर धुणं धूत होती. नुकती गावात आलेली, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, कुणाचं तरी लेकरू केव्हापासनं हाका मारतंय आणि मेली आई ओ देत नाही. तिला ते ऐकवेना. हातातलं लुगडं तसंच दगडावर टाकलं आणि ओरडली, "आले गं बाई, आले!"

चाक सरळ लागलं.

तेव्हापासनं ही रीत. आजही चाकाचा पहिला आवाज झाला की मळ्यात असेल ती बाई ओ देते. पानं खुडत असो, लव्हाळा भिजवत असो, ओ दिल्याशिवाय हात हलवत नाही. आजही नवी सून आली की पहिल्या सकाळी तिला इथं आणून या दगडावर तळहात ठेवायला लावतात. दर वर्षी आम्ही सगळ्या वेली शेवरीवरनं उतरवून मातीत घालतो, म्हणजे त्या नव्यानं फुटतात. पण ही एक वेल, ही बघा, आसापर्यंत गेलेली, हिला कुणी उतरवत नाही. आणि आजही करंडवाडीत लेकराची दुसरी हाक येऊ देत नाहीत. तव्यावर भाकरी करपू दे, दारात पाहुणे उभे राहू दे, पहिल्या हाकेला ओ द्यायची. तुम्ही गावात शिरताना तुमच्या कानावर आलं असेल, पोरं नुसतं "अ" म्हणतात आणि घराघरातनं बाया "आले, आले" करतात. पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे.

तो बघा, बाबगोंडा बैल घेऊन आला. जुंपतोय. उठू नका, बसून राहा. बोलू नका आता.

ऐकलंत?

आले गं, चन्ने! आले, आले!

अगं बाई! ताई, तुम्ही माझ्या आधीच ओ दिलीत की. तोंडातनं गेली, होय? लाजताय कशाला? डोळे पुसा. सगळ्याच बायांचं असं होतं. बघा, कसं सरळ लागलं चाक. ठेवा हात दगडावर, असा, सगळा तळवा टेकवून. थरथरतंय ना? गंगव्वा गेली त्याला किती काळ लोटला, पण पोरीला त्याचा पत्ता नाही. ओ कुणी दिली ते तिला कळत नाही, ताई. तिला वाटतं, आई आली.